मंजुळाबाय आणि इंग्रजी कागद

चिंचणीच्या मंजुळाबायने तीस वर्षं बोईसरच्या बाजारात मासळी विकली. किडन्या निकामी झाल्या तरी टोपली सोडली नाही. आठवड्यातले दोन दिवस डायलिसिस, बाकीचे बाजार.

डायलिसिस सेंटरने पहिल्याच दिवशी तिच्या हातात एक इंग्रजी कागद ठेवला. सून जागृतीला त्यातलं एवढंच कळलं की बटाटा बंद आणि मीठ कमी. बोंबलाच्या कालवणातल्या बटाट्याच्या फोडी त्याच दिवशी गेल्या. मीठ कमी करायचं म्हणून जागृतीने दुकानातून कमी सोडियमचं मीठ आणलं. पाकिटावर लाल हृदयाचं चित्र होतं.

चार महिन्यांनी, भर बाजारात पापलेट तोलताना मंजुळाबायचे पाय लुळे पडले. ती टोपलीवरच कोसळली. निकामी किडन्यांना बाहेर टाकता न आलेलं पोटॅशियम रक्तात इतकं चढलं होतं की हृदय बंद पडायचंच बाकी होतं. तातडीने डायलिसिस केलं म्हणून वाचली.

डोळे उघडले तेव्हा डॉक्टर जागृतीवर ओरडत होते, "बटाटे खाऊ घातलेत ना? पोटॅशियम भरलेलं असतं त्यात! सांगितलं होतं तुम्हाला!"

मंजुळाबाय ताडकन उठून बसली. "तिला बोलू नका! चार महिने बटाटा डोल्यानं बगला नाय मी!"

मग आहारतज्ज्ञ प्रियदर्शिनीने मिठाची चौकशी केली. पाकिटाचं नाव ऐकताच ती म्हणाली, "मावशी, त्या मिठात सोडियम कमी करून त्याजागी पोटॅशियम घातलेलं असतं. तुम्हाला साधंच मीठ, पण अगदी थोडं चालतं."

"मंग ह्या कागदावर का नाय?"

"आहे. खाली, बारीक अक्षरात."

"इंग्रजीत! कोनासाठी छापला ह्यो? मशिनीसाठी?"

प्रियदर्शिनी खाली बघत म्हणाली, "बटाटाही सगळा बंद करायला नको होता. सोलून बारीक तुकडे करा, भरपूर पाण्यात उकळा, पोटॅशियम उतरलेलं ते पाणी फेकून द्या, नव्या पाण्यात पुन्हा उकळा. मगच कालवणात टाका. तेही दोन-चार फोडी, कधीतरी, रक्ताचा रिपोर्ट चांगला असेल तर, आम्हाला विचारून. वेफर्स, भाजलेला बटाटा नाही."

चार महिने बेचव गिळलेला एकेक घास आठवून मंजुळाबायच्या अंगाची लाही झाली. पुढच्या डायलिसिसला तिने पुठ्ठा नेला. प्रियदर्शिनीने सांगितलं, जागृतीने मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलं, मिठाचं सगळ्यात वर. पुठ्ठा भिंतीवर लागला.

दोन दिवसांनी सेंटरच्या मॅनेजरने तो काढला. पुढच्या खेपेला मंजुळाबायने विचारलं, तर भिंत खराब दिसते म्हणाला.

"मी मेले असते तर बरी दिसली असती का भिंत?" मंजुळाबाय अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशी गरजली. "पुठ्ठा लागल्याबिगर मी सुई टोचून घेनार नाय!" बाजूच्या खाटेवरच्या भिकाकाकांनीही हात मागे घेतला. मग तिसऱ्याने, चौथ्याने.

अर्ध्या तासात पुठ्ठा जागेवर आला. मंजुळाबायचं पोटॅशियम आता आटोक्यात असतं, बोंबलात कधीमधी चार फोडी पडतात. मॅनेजर दिसला की मात्र ती अजून तोंड फिरवते.