शिंपीकाका आणि गाणारणीचा श्वास

आमच्या शिंपीकाकांनी दुकान मुलाच्या हवाली केलं आणि हौसेनं महागडे स्पीकर घरी आणले. विकत घेताना दुकानात गाणारणीनं ओळीआधी घेतलेला श्वाससुद्धा त्यांना ऐकू आला होता. घरी तो श्वास काही सापडेना. त्यात काकूंचा भाऊ म्हणाला, "दाजी, यापेक्षा माझा मोबाइल बरा."

झालं, काका हट्टाला पेटले. रविवारी मेहुणा पुन्हा येणार होता, त्याला श्वास ऐकवायचाच. गळ्यात टेप, हातात खडू. स्पीकर भिंतीपासून चार इंच, मग नऊ इंच, मग सव्वा फूट. खुणा इतक्या झाल्या, की काकूंना वाटलं, आता हे फरशीही बेतणार. वायरी बदलल्या, गालिचा सरकवला. श्वास नाही तो नाहीच.

रविवारी सकाळी काकूंनी स्पीकरचे अंगरखे धुवायला काढले. हो, अंगरखेच. धूळ बसू नये म्हणून काकांनी जाड कापडाचे, अस्तर लावून, अगदी मापात शिवले होते. गाणं चालू असतानाही ते काढायचे नाहीत. एवढं फिटिंग लोकांना दिसायला नको का?

काकांनी गाणं लावलं आणि गाणारणीनं अगदी कानाशी श्वास घेतला.

संध्याकाळी मेहुण्यानं गाणं ऐकलं, पुन्हा लावायला लावलं. मग म्हणाला, "दाजी, केलंत काय?"

"सव्वा फूट," काका ऐटीत म्हणाले.

काकूंनी दोरीवर वाळणाऱ्या अंगरख्यांकडे बोट दाखवलं. मला हे कुणी सांगितलं म्हणता? काकूंनीच, दुसरं कोण सांगणार.