दोन्ही फॉर्म माझ्याच अक्षरात

डॉक्टर मॅडमनी दोन्ही फॉर्म शेजारी शेजारी ठेवले, बेरीज केली आणि म्हणाल्या, “घरीही तेच, शाळेतही तेच. ओवीला ए.डी.एच.डी. आहे.”

ओवी माझी मुलगी. आठ वर्षांची, तिसरीत. ती तेव्हा खुर्चीच्या कडेवर बसून समोरच्या स्टुलाचं चाक पायाने फिरवत होती. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे माझ्या अभ्यास घेण्यात खोट नव्हती, आजार होता.

अटेन्शन डेफिसिट हायपरॅक्टिव्हिटी डिसऑर्डर. साध्या भाषेत, लक्ष एका जागी टिकत नाही आणि अंगही एका जागी राहत नाही. याला रक्ताची तपासणी नाही, एक्स-रे नाही. डॉक्टर मुलाला बघतात, आणि जोडीला रेटिंग स्केल असतो, म्हणजे मुलाच्या वागण्याबद्दलची प्रश्नावली. एक घरच्यांनी भरायची, एक शिक्षकांनी. दोन वेगळ्या ठिकाणी तीच लक्षणं दिसली तरच आजार म्हणायचं. हे मॅडमनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं. मी मान डोलावली होती.

मी बी.कॉम. आहे. पळस्प्याकडच्या आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला पहिला. एक्स्पोर्टची कागदपत्रं तयार करणाऱ्या ऑफिसात काम करतो. आमच्याकडे एक रकाना रिकामा राहिला की कंटेनर बंदराच्या गेटवर अडकून राहतो. माझ्या कागदांमुळे आजवर एकही राहिलेला नाही.

शाळेचा फॉर्म घेऊन गेलो तेव्हा ओवीच्या बाई वह्या तपासत होत्या. वर्गात छप्पन्न मुलं. “अहो सर, केवढं मोठं आहे हे, आणि सगळं इंग्लिशमध्ये. तुमचं इंग्लिश माझ्यापेक्षा चांगलं. तुम्हीच भरून आणा ना, मी सही करते.”

बाईंनी मला सर म्हटलं. मी फॉर्म घरी आणला.

बायको, उज्ज्वला, म्हणाली, “अहो, वर्गात ती कशी असते ते तुम्हाला काय माहीत?”

“जी माझ्यासमोर पाच मिनिटं धड बसत नाही, ती तिथे बसत असेल?” मी म्हटलं.

घरचा फॉर्म निळ्या पेनाने भरला, शाळेचा काळ्या. एकही रकाना सोडला नाही. शेऱ्यांच्या जागेतही लिहिलं. दोन पेनं कशाला घेतली, हे तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

मेथिलफेनिडेट सुरू झालं. लक्ष धरून ठेवायला मेंदूला मदत करणारी गोळी, सकाळी नाश्त्यानंतर. भूक कमी होऊ शकते, वजन आणि नाडी बघत राहू, असं मॅडमनी सांगितलं होतं.

आठवड्याभरात ओवी शांत झाली. बसवली की बसायची, उठवली की उठायची. मी ऑफिसात सांगितलंसुद्धा, गुण आला म्हणून.

माझी आई तेव्हा गावाहून खांदा कॉलनीत आमच्याकडे आली होती. दोन दिवस नुसती बघत राहिली. मग म्हणाली, “पोर बरी नाय. दुखणाईत कोंबडी बसते ना, तशी बसते.”

“आई, तुला त्यातलं कळत नाही.”

“मला नाय कलत. तू तं शिकलेला हायस. तुला तरी कलतंय का?”

डबा भरलेलाच परत यायला लागला. तिसऱ्या आठवड्यात डाव्या भुवईत मधेच केस उपटलेली मोकळी जागा दिसली. उज्ज्वलाने विचारलं तर ओवी म्हणाली, “हात आपोआप जातो गं.” महिन्याने वजन दीड किलोने उतरलं होतं.

त्या दिवशी दवाखान्यात नंबर यायला दोन तास लागले. शेजारी उरणच्या एक बाई मुलाला घेऊन बसल्या होत्या. “अल्लाचा शुकर, आमच्या झैदला या गोळीनेच सावरलं,” त्या म्हणाल्या. “आधी भर रस्त्यात हात सोडून पळायचा. आता बघा, आख्खं चित्र पुरं करतो.” झैदने चित्र ओवीपुढे धरलं. ओवीने त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडे. दोघांची गोळी तीच होती.

आत गेल्यावर मॅडमनी वजन बघितलं, भुवई बघितली. त्यांचा चेहरा मला आवडला नाही. “अभ्यास?” त्यांनी विचारलं.

“चुका अजून होतात,” मी म्हणालो.

“डोस बदलायचा की गोळीच बदलायची, ते दोन दिवसांत ठरवू. त्याआधी शाळेकडून नवा फॉर्म हवा.”

मी पुन्हा बाईंकडे गेलो. “बरं झालं आलात,” त्या म्हणाल्या. “ओवीला झालंय काय? आधी किती बोलायची! आता प्रार्थनेलासुद्धा ओठ हलत नाहीत.”

“आधी त्रास द्यायची ना पण?”

“ओवी? छे हो! ऑफिसात निरोप द्यायचा तर मी तिलाच पाठवायचे.”

“मग तुम्ही सही कशी केलीत?”

“तुम्ही भरलं होतंत ना, सर. वाटलं, एवढे शिकलेले आहात, बरोबरच असेल.”

मी शाळेच्या पायऱ्यांवर बराच वेळ उभा होतो. नवा फॉर्म मी भरला असता तर बाई सही करणारच होत्या. आणि मग गोळी वाढली असती. उद्यापासून गोळीच बंद करून टाकावी, असंही मनात आलं. ते केलं नाही. मनाने करून काय होतं ते समोर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमना सांगितलं, “दोन्ही फॉर्म मीच भरले होते.”

त्यांनी जुने कागद काढले. दोन्हींवरचे शेरे वाचले. “एकाच माणसाची साक्ष मी दोनदा मोजली,” त्या म्हणाल्या. “शेरे एकाच वळणाचे आहेत. मला दिसायला हवं होतं.” तसं त्यांनी फाइलमध्ये लिहिलं, माझ्यासमोर. गोळी थांबवली.

मग सगळं नव्याने झालं. शाळेचा फॉर्म बाईंनी भरून बंद पाकिटात दिला. घरचा उज्ज्वलाने भरला. कौन्सेलर ताई ओवीशी एकटीशी बोलल्या, चार वेळा. मी बाहेरच्या बाकावर. आत माझ्याबद्दल काय बोललं जातंय, ते ऐकू येत नव्हतं.

निकालाच्या दिवशी मॅडमनी विचारलं, “शाळेत काही नाही. सुट्टीत काही नाही. फक्त घरी, तेही संध्याकाळी साडेसहा ते आठ. तेव्हा घरात काय असतं?”

उज्ज्वला मांडीवरच्या पिशवीकडे बघत राहिली.

“अभ्यास,” मी म्हणालो. “मी घेतो.”

“मारता?”

“कधीच नाही.” हे मी मान वर करून सांगितलं.

“मग चुकलं की काय करता?”

“पान फाडतो. पहिल्यापासून लिहायला लावतो.”

“पुन्हा चुकलं तर?”

“पुन्हा फाडतो.”

मॅडम म्हणाल्या, “हे लक्ष नसणं नाही. ही अँग्झायटी आहे, मनात मुरलेली भीती. घाबरलेलं मूल चुळबुळतं, सारखं उठतं, कारण त्याला तिथून निघून जायचं असतं. औषध आता ओवीला नको. शनिवारची कौन्सेलिंगची सेशन्स तुमच्यासाठी.”

म्हणून लिहितोय. तुमच्या हातात असा फॉर्म आला तर शाळेचा शाळेलाच भरू द्या, हातापाया पडावं लागलं तरी. आपण जे पाहिलं नाही, तो रकाना रिकामा राहू द्या. गोळीला नावं ठेवू नका; झैदचं चित्र मी पाहिलंय. शंका आली तर डॉक्टरांना सांगा, लाज वाटली तरी. मॅडमनी मला हाकलून दिलं नाही, स्वतःची चूकही झाकली नाही. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

अभ्यास आता उज्ज्वला घेते. मी ऑफिसातून येतो तेव्हा जिन्यातच ओवीचा आवाज ऐकू येतो. मोठमोठ्याने पाढे म्हणते, मधेच गाणं, मधेच उड्या. मी बेल वाजवली की सगळं थांबतं.

गेल्या आठवड्यात एकदा, थांबायला थोडा वेळ लागला.