गाईचं पुढं काय झालं

गयामावशींनी मला वाचवलं, हे आधी सांगतो. काय घडलं ते मागून. महिन्यापूर्वी त्यांच्या सुनेचा फोन इथं सुरतेला आला, "दादा, आत्या गेल्या..." आणि चाळीस वर्षांपूर्वीची ती टॉकीज पुन्हा डोळ्यापुढं उभी राहिली.

बहात्तरच्या दुष्काळात माझी शाळा सहावीत सुटली. परंड्याहून निघालो, खडी फोडली आणि काही वर्षांनी कळंबकडच्या एका दूध सोसायटीत कारकून म्हणून चिकटलो. चेअरमननी विचारलं होतं, "इंग्रजी येतं का?" मी "व्हय" म्हणालो. येत होती नुसती एबीसीडी. त्या एका 'व्हय'वर माझी नोकरी उभी होती. गयामावशी सोसायटीच्या सभासद, एका म्हशीच्या मालकीण, बौद्ध वस्तीतल्या. त्यांचं दूध वेगळ्या कॅनमध्ये घ्या म्हणणारे तेव्हाही होते. मी एकटा म्हणून मावशी भाकरी बांधून आणायच्या.

एकदा चेअरमनच्या मनात आलं, सभासदांना जनावरांच्या निगेवरचा सिनेमा दाखवावा. मुंबईहून फुकट सिनेमे पाठवणाऱ्या एका संस्थेची इंग्रजी यादी त्यांनी माझ्यापुढं टाकली. एका नावाशेजारी गाईचं चित्र होतं. मी तोच मागवला. रिळांच्या पेट्या उतरवताना मोजत गेलो... एवढ्या पेट्या! सिनेमा हंगेरीचा निघाला. टॉकीजचा ऑपरेटर म्हणाला, "सकाळी लावला तर दिवस मावळंल."

रविवारी सकाळी टॉकीज भरली. हजेरी सक्तीची होती. पडद्यावर उजाड माळ, वारा आणि लांब शिंगांची एक करडी गाय. नुसती उभी. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"मशीन अडकली रे!"

"अडकली न्हाय, शेपूट हलतीय की!"

शिट्ट्या सुरू झाल्या. चेअरमन मागं वळून गरजले, "हे कुणी निवडलं?" मी अंधारात खाली सरकलो. आता परत खडीवर...

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं गयामावशींचा आवाज आला, "गप बसा की! कास बघा तिची. घडीघडी मागं बघतीय. विणार हाय ती."

शिट्ट्या थांबल्या. जनावरं राखणारी माणसं ती. आता प्रत्येकाला ती कळ दिसू लागली. गाय बसायची, उठायची. "लई वेळ लागतोय," कुणीतरी पुटपुटलं, "वासरू आडवं असंल." त्या वर्षांत असं एखादं जनावर प्रत्येकाच्या दावणीवरून गेलं होतं. सगळे श्वास धरून बसले... आणि दृश्यच बदललं. माणसं आली, न कळणाऱ्या भाषेत तासन्‌तास बोलत राहिली. गाईसाठी लोक हलले नाहीत. अंधारातच भाकरी सोडल्या. गाय परत दिसलीच नाही.

बाहेर चेअरमननी मला धरलं. "वाचून मागवलास का?" मावशी मधे आल्या. "त्यो नकोच म्हनत हुता. म्याच हट्ट धरला, गाईचा हाय तर मागव म्हून. मला बोला." माझी नोकरी राहिली. त्यांचं दूध मात्र कितीतरी दिवस सगळ्यांच्या शेवटी घेतलं गेलं. मी त्याबद्दल काही बोलू लागलो की म्हणायच्या, "क्लार्कसाहेब, ते ऱ्हाऊ दे. गाईचं पुढं काय झालं, तेवढं विचारून सांग." मी सुरतेला निघालो तेव्हाही हेच.

सून सांगत होती, शेवटच्या आठवड्यातही मावशी गाभण म्हशीपाशी पालथ्या घमेल्यावर बसायच्या. ते घमेलं अजून तसंच आहे. कुणी उचलत नाही.

मावशी, माझा नातू म्हणतो, असले जुने सिनेमे आता सापडतात. मला अजून भीती वाटते... गाय गेली असली तर? पण शोधीन. शेवटपर्यंत बघीन. आणि त्या घमेल्यापाशी येऊन तुम्हाला सांगीन.