अधिक महिन्यातलं माहेर

आमच्या इथल्या मराठी मंडळात कुणालाही माझ्या बायकोबद्दल विचारा, एकच उत्तर मिळेल: "विद्युलताताई? त्यांच्याशिवाय गौरीचं जेवण होतंय होय!" हे ऐकून मला आधी अभिमान वाटायचा. मग कंटाळा यायला लागला, आणि २००४ साली तर राग आला. राग कुणाचा ते पुढे कळेलच. बराचसा माझाच होता.

आम्ही नव्वद साली इथे आलो, तेव्हा चेन्नईला मद्रासच म्हणत. मी रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात नोकरीला, राहायला अण्णा नगरात. विद्युलतेचं माहेर भोरचं. ती एकुलती एक, वडील तिच्या लग्नाआधीच गेलेले, घरी आई एकटी. त्या घरात गौरी उभ्या राहतात. गौर म्हणजे स्वतःच तीन दिवसांची माहेरवाशीण. तिच्या निमित्तानं घरच्या लेकीही येतात, पुरणपोळी खातात, दुपारी ताणून देतात आणि नवऱ्याच्या चहाड्या सांगतात. सासूबाईंना लेक एकच. त्यामुळे ती गेली नाही की त्यांच्या घरी गौर यायची आणि लेक यायची नाही. असं चौदा वर्षं झालं.

पहिली काही वर्षं कारण मी होतो. नवी नोकरी, रजा नाही, मग कौमुदीचा जन्म. पुढे मंडळ आलं. त्र्याण्णव साली लातूरकडची एक बाई पोराच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी मद्रासला आलेली विद्युलतेला बसमध्ये भेटली. भाषा येत नाही, हॉस्पिटलच्या व्हरांड्यात झोपते, आठ दिवसांत भात सोडून काही खाल्लेलं नाही. विद्युलता तिला सरळ घरी घेऊन आली. बाई तीन आठवडे राहिली आणि जाताना म्हणाली, "मला इथं माहेर भेटलं." झालं! त्या एका वाक्यानं माझं घर हातचं गेलं. अशा लोकांसाठी मंडळानं हॉस्पिटलजवळ दोन खोल्या घ्यायच्या, त्यांच्या खर्चासाठी दरवर्षी गौरीपूजनाच्या दिवशी पुरणपोळीचं जेवण ठेवायचं आणि त्याची कुपनं सगळ्या शहरात खपवायची, हे विद्युलतेनं ठरवलं आणि मंडळानं मान डोलावली.

तेव्हापासून आमची बैठकीची खोली श्रावण लागला की कोठीची खोली व्हायची. मी हरभऱ्याच्या डाळीच्या पोत्यावर बसून पेपर वाचलाय. फोन उचलला की पलीकडून "किती पानं धरायची?" कौमुदीचा तापही एकदा याच भानगडीत दोन दिवस उशिरा लक्षात आला. त्यावर आमचं चांगलंच वाजलं होतं. "लष्कराच्या भाकऱ्या भाजायची एवढी हौस असेल तर लष्करातच भरती हो," असं मी म्हणालो होतो. त्यानंतर मात्र तिनं एक नियम केला: संध्याकाळी सहा ते आठ मंडळाचा फोन घ्यायचा नाही, त्या वेळात कौमुदीचा अभ्यास. तो तिनं कधीच मोडला नाही. बायको माझी असली तरी खरं बोललं पाहिजे, तिनं आमचं काही अडू दिलं नाही. अडलं ते तिचंच.

दरवर्षी आषाढात भोरहून फोन यायचा. "विद्युल, या गौरीला येतीयस ना गं?" आणि ही म्हणायची, "पुढच्या वर्षी नक्की, आई." फोन ठेवला की डाळ निवडायला बसायची, आणि त्या दिवशी डाळ फार बारकाईनं निवडली जायची. सगळ्या गावाला माहेर देणारी ही बाई, हिला स्वतःच्या माहेरी जायला तीन दिवस मिळत नव्हते. ते मला दिसत होतं. दिसून मी चौदा वर्षं काय केलं? पेपर वाचला.

आणि मंडळ सोडलं तरी आणखी एक धोंड होतीच. इकडच्या शाळांमध्ये सप्टेंबरात क्वार्टर्ली परीक्षा असते. गौरी आणि परीक्षा नेमक्या एकमेकींच्या अंगावर यायच्या. पोरीला टाकून ती जाणार नाही आणि पोरीला नेता येणार नाही. पण २००४ च्या जूनमध्ये मी हिशेब मांडला. आदल्या वर्षी गौरी सप्टेंबरच्या सुरुवातीला आल्या होत्या. सण दरवर्षी अकरा दिवस अलीकडे सरकतात. म्हणजे यंदा ऑगस्टातच! परीक्षेच्या कितीतरी आधी! मला एवढा आनंद झाला की मी कुणाला विचारलंच नाही. विचारलं असतं तर गुपित फुटलं असतं. घरातलं कॅलेंडर स्वयंपाकघरात, तिच्या राज्यात. ऑफिसातली सुट्ट्यांची यादी माझ्याच टेबलाच्या काचेखाली होती, पण तिच्यावर चहाची बशी ठेवायची माझी सवय.

मी तिघांची पुण्यापर्यंतची आरक्षणं केली, तेरा ऑगस्टला निघायचं, चोवीसला परत. सासूबाईंना घर झाडायला, मांडामांड करायला आठवडाभर लेकीचे हात मिळतील, हा त्यात माझा मोठेपणा. मग मंडळाच्या रत्नप्रभाबाईंना गाठलं. म्हटलं, "एक वर्ष हिला मोकळं करा. हिची आई सत्त्याहत्तरची आहे." रत्नप्रभाबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाल्या, "आम्हीच मेल्या कशा आंधळ्या! जाऊ दे तिला. पुरण आम्ही बघतो." तारखेचा विषय दोघांपैकी कुणी काढला नाही.

जुलैच्या शेवटी विद्युलतेचा वाढदिवस. जेवणं झाल्यावर मी तिकिटं तिच्या हातात ठेवली. "यंदाच्या गौरी भोरला. जेवणाचं रत्नप्रभाबाई बघतायत. बोल!"

तिचा चेहरा असा उजळला की चौदा वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता. मग तिनं तारीख पाहिली. एकदा पाहिली, परत पाहिली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "यंदा अधिक श्रावण आहे. गौरी वीस सप्टेंबरला."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तो मी. दर तीन वर्षांनी एक जास्तीचा महिना घुसतो आणि सगळे सण पुढे ढकलतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. जावई म्हणून त्या महिन्याची पंगत मी झोडलेली आहे. पण तमिळ पंचांगात अधिक महिना नसतो, ऑफिसात त्याचं नाव कुणी काढत नाही, आणि चौदा वर्षांत मीही तो विसरलो होतो.

"अय्यो बाबा!" कौमुदी म्हणाली. "सरप्राइज द्यायच्या आधी एकदा तरी चेक करायचं ना!"

विद्युलता हसली. "दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच बघा," म्हणाली आणि उठून न्हाणीघरात गेली. आत जाऊन नळ सोडायचा आणि रडायचं, अशी बायकांची सोय असते. पण त्या वर्षी चेन्नईत पाण्याचा खडखडाट. नळ कोरडे, टँकर दोन दिवसांनी यायचा. त्यामुळे आम्हाला बाहेर सगळं ऐकू आलं. कौमुदी उठून टीव्हीचा आवाज मोठा करून आली.

सप्टेंबरचं काही जमण्यासारखं नव्हतं. परीक्षा होती, रजा दुसऱ्यांना दिलेली होती. मी म्हटलं तिकिटं रद्द करतो. ती म्हणाली, "नको. गौर नसली तरी आई आहे."

आम्ही भोरला पोचलो तेव्हा अधिक महिन्याचे शेवटचे दोन दिवस उरले होते. सासूबाई दारातच उभ्या होत्या. लेकीला पोटाशी धरलं आणि तिच्या खांद्यावरून मला म्हणाल्या, "बरं झालं हो जावईबापू चुकलात ते! अनारशाचं पीठ करून ठेवलं होतं. म्हटलं, कुणाच्या हाती पाठवू मद्रासला?" दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पाटावर बसवून तेहतीस अनारशांचं वाण दिलं, दिवा लावून, साग्रसंगीत. हात थरथरत होते. एक अनारसा ताटातून घरंगळला, तर "तो कौमुदीचा," म्हणून साजरा केला. अपराध्याचा सत्कार व्हावा तसं मला वाटत होतं. खाल्ले मात्र सगळे.

पुढचे आठ दिवस विद्युलता काहीही करत नव्हती. आईच्या शेजारी बसायची. आई भाजी निवडायची, ही नुसती बघायची. दुपारी आईच्या जुन्या लुगड्यावर झोपायची. मंडळाचा एकही फोन आला नाही. मी तिला अशी रिकामी कधी पाहिली नव्हती, आणि रिकामी असताना ती किती सुंदर दिसते हेही विसरलो होतो.

निघायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी माळ्यावरची पत्र्याची पेटी मला काढायला लावली. आत लुगड्याच्या घड्यांत गौरींचे दोन मुखवटे. पितळी, डोळे रेखलेले, नाकाशी झिजलेले. ते त्यांनी लेकीच्या मांडीवर ठेवले.

"यंदापासून तुझ्याकडे ने. माझ्यानं आता उभं करणं होत नाही. गेल्या वर्षी शेजारणीनं केलं, तर धाकटीची मान वाकडी राहिली. तीन दिवस बघवेना मला."

"आई, असं काय करतेस? लेकीकडे कुणी कुळाचार देतं का? पुढच्या वर्षी मी येते. नक्की येते."

"ये की," सासूबाई म्हणाल्या. "पण गौरी तुझ्या घरी असताना तू इकडं कशी येशील, बाळा?"

विद्युलता मुखवट्यांवरून हात फिरवत राहिली. मला वाटलं, आता ही नको म्हणेल. पण आईच्या थरथरणाऱ्या हातांकडे तिनं पाहिलं आणि पेटी ओढून घेतली. परतीच्या गाडीत सगळ्या वाटेनं ती पेटी तिच्या मांडीवर होती. मी दोनदा म्हटलं, बाकाखाली ठेवतो. तिनं ऐकलं नाही.

सप्टेंबरात आमच्या अण्णा नगरच्या दोन खोल्यांत गौरी आल्या. कौमुदी दुपारी पेपर देऊन आली, हातपाय धुऊन उंबऱ्यात उभी राहिली आणि आपल्या तमिळ चालीच्या मराठीत विचारू लागली, "गौर आली, कशाच्या पावलांनी आली?" विद्युलता मुखवटे घेऊन कुंकवाच्या पावलांवरून आत आली. "सोन्याच्या पावलांनी आली," म्हणाली, आणि पुढचं तिला म्हणता येईना. मग पुढचं मीच म्हटलं, चुकतमाकत.

दुसऱ्या दिवशी मंडळाचं जेवण. रत्नप्रभाबाईंनी शब्द पाळला होता, हिला बोलावलं नव्हतं. पण अकरा वाजता हॉलवरून फोन आलाच. पुरण सैल झालंय, पोळ्या फुटतायत, लोक यायला लागलेत. विद्युलतेनं गौरींना नैवेद्य दाखवला आणि मला म्हणाली, "तुम्ही बसा यांच्यापाशी. त्या एकट्या नकोत." ती गेली. मी तीन तास दोन मुखवट्यांसमोर बसून होतो. पेपर वाचायची हिंमत झाली नाही. परत आली तेव्हा केसांत गूळ-जायफळाचा वास आणि मनगटावर भाजल्याचा डाग. "निभावलं," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी मंडळातल्या सगळ्या बायका हळदीकुंकवाला आल्या. त्या वेळी भोरहून फोन आला. मी स्पीकर लावून दिला, कारण हिचे हात कुंकवाचे होते.

"जेवल्या का गं माझ्या लेकी?" सासूबाईंनी विचारलं.

"जेवल्या, आई. दोघींची मान सरळ आहे."

"बरं झालं बाई. काल दुपारभर मी आपली दार उघडं टाकून बसले होते. शेजारीण विचारायला लागली, कोण यायचंय? मी म्हटलं, यंदा कुणी नाही, तरी दार काही लोटवेना."

खोलीत आठ-दहा बायका होत्या. सगळ्यांनी ते ऐकलं. फोन ठेवला तशी विद्युलता मला म्हणाली, "अहो, पुढच्या महिन्यातलं एखादं तिकीट बघा. माझं एकटीचं."

"पुढच्या महिन्यात कुठला सण..." मी सुरुवात केली.

"सण नको," ती म्हणाली. "मला नुसतं आईकडे जायचंय." आणि डोळे पुसून बायकांना वाटली डाळ द्यायला उठली.