सोनी चावत का नाही

सुरतला बमरोलीत आमच्या लायनीत दहा खोल्या. दुपारी आम्ही बाया ओट्यावर बसून साड्यांचे सुटे धागे कापतो. संध्याकाळपर्यंत धाग्यांचा हा एवढा ढीग होतो, आणि किश्श्यांचा त्याहून मोठा. धागे झाडून टाकता येतात, किस्से कुठे टाकणार? म्हणून लिहून ठेवते. सातवीपर्यंत शिकलेय, तेवढं जमतं.

सगळे किस्से चावण्याचेच आहेत, कारण सध्या माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. माझी सोनी प्लेगच्या वर्षी झाली. आता अडीच वर्षांची आहे, दात आलेत, पण चावत नाही! घास गालात दाबते आणि घरभर हिंडते. तासाभराने मोरीत टाकून येते. वजन वाढत नाही. मी घाबरून ज्याला त्याला विचारते, आणि जो तो काहीतरी खायला घालायला सांगतो.

*

पहिला सल्ला सासूबाईंचा. पापड दे म्हणे, कुरकुर वाजलं की पोर आपोआप चावते.

हा सल्ला त्यांनी मला द्यावा! आमच्याकडे सुनेच्या खाण्याचा आवाज सासऱ्यांच्या कानावर जाऊ नये अशी रीत. लग्न होऊन आठ दिवस झाले होते, सासूबाईंनी मला भाजलेला उडदाचा पापड वाढला. मामंजी बाहेरच्या खोलीत. चावला तर अख्ख्या गल्लीला कळेल. मी तुकडा तोंडात ठेवला आणि तो मऊ व्हायची वाट बघत बसले.

नेमके मामंजी दारात आले. माहेरी पाऊस झाला का, विचारलं. मी पदर ओढून मान हलवली. वडिलांची तब्येत विचारली. पुन्हा मान. मामंजी बाहेर जाऊन सासूबाईंना म्हणाले, "पोर चांगली शे, पण मुकी शे. आपलाले कोनी सांगं नही."

सोनीनेही पापड तोंडात ठेवला आणि मऊ केला. माझीच लेक!

*

शेजारच्या ज्योत्स्नाबेन मूळच्या सुरतच्या. त्या म्हणाल्या, मऊच खाते ना, मग लोचो दे. डाळीच्या पिठाचा वाफवलेला लगदा, वर तेल आणि शेव. जिभेवर ठेवला की विरघळतो. रविवारी त्यांनी सगळ्यांसाठीच आणला.

आमच्या लायनीतल्या सिंधूताईंचा जन्म गेला ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर. त्या भाकरीच्या एका घासाला वीसदा जबडा चालवावा लागतो. ताईंनी लोच्यालाही तेवढाच जोर लावला. आत चावायला काही नव्हतंच, जीभ सापडली!

दोन दिवस ताईंना बोलता येईना. तिसऱ्या दिवशी जरा बोलायला लागल्या, तर त्यांचे यजमान स्वतः जाऊन अर्धा किलो लोचो घेऊन आले.

सोनीने लोचोसुद्धा गालात ठेवला. तो विरघळला तेव्हा गाल चाचपून रडली, कुठे गेला म्हणून.

*

आमचे हे लूम्सच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात कामाला. तिथे मशीनपुढे आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येत नाही. जेवणाऱ्यांचे जबडेसुद्धा मशीनच्या ठेक्यावर चालतात, खटाखट, खटाखट. एकदा मी डबा द्यायला गेले आणि लाइट गेली. मशीन थांबली, तसे पाच माणसांचे जबडेही थांबले! लाइट येईपर्यंत कुणी गिळलं नाही.

जेवणानंतर बिडी मात्र नाही. ठिणगी पडली तर माल पेटेल म्हणून खात्यात मनाई. त्यामुळे सगळे तंबाखूवाले, आणि घरी आले तरी तोंड उघडत नाहीत. मी विचारते, सोनीचं काय करायचं? हे म्हणतात, "हं."

रजेच्या दिवशी तिला दिवसभर मांडीवर घेऊन बसतात, तेवढं मात्र खरं.

*

शेवटी परवाच्या रजेला आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दात पाहिले, जीभ पाहिली, गळा पाहिला. सगळं ठीक. मग म्हणाले, जबड्यातच काही दोष असेल तर मोठ्या दवाखान्यात फोटो काढावा लागेल. घराण्यात कुणाला असा त्रास आहे का, असं त्यांनी ह्यांना विचारलं. ह्यांनी ओठ मिटूनच मान हलवली.

"आधी खाते कशी ते तर बघू," म्हणत डॉक्टरांनी खणातून बिस्कीट काढून सोनीला दिलं.

सोनीने बिस्कीट डाव्या तळहातावर ठेवलं. उजव्या अंगठ्याने मोडलं. मग मळलं, चांगलं बारीक होईपर्यंत. वरून दोन थापा मारल्या, फुंकर घालून भुसा उडवला, उरलेल्याची चिमूट केली, खालचा ओठ पुढे ओढला आणि आत नीट बसवली. हात फ्रॉकला पुसले.

मी विचारलं, "सोनी, छान आहे का?"

सोनी म्हणाली, "हं."

डॉक्टरांनी सोनीकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. ह्यांना काहीतरी बोलायचं होतं. पण त्याआधी ते खिडकी शोधत होते.