पंचवीस दिव्यांचा बोर्ड

लॅबमधले किस्से ड्रॉवरमधल्या सुट्या स्क्रूंसारखे साठतात. एक काढायला जावं, तर भलताच हाताला लागतो. आमच्या दिव्यांच्या बोर्डाचे किस्से मी मित्रांना रंगवून सांगतो, पण शेवटचे दोन गाळतो. आज तेही सांगून टाकतो.

सत्तर सालानंतरची गोष्ट. मी सांगलीकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात लेक्चरर होतो. परदेशी जर्नल वाचून मी पंचवीस दिव्यांचा बोर्ड करायला घेतला. एका अक्षरात जे दिवे जोडीनं लागतात, त्यांच्यामधल्या तारेतून जास्त करंट जाऊ द्यायचा. मग अर्धं अक्षर लावलं की उरलेलं बोर्डानं आठवून पुरं करायचं. सोल्डरिंग सगळं मामांचं. मामा म्हणजे आमचे लॅब असिस्टंट, आर्मीच्या सिग्नल्समधून रिटायर झालेले आणि कॉलेजात अजून टेंपररी.

बोर्डात 'ग', 'म' आणि 'न' ही तीन अक्षरं घातली. पहिल्याच दिवशी अर्धा 'ग' दिला, तर तिन्हींची खिचडी उजळली. मी दोन दिवस गणितं तपासत बसलो. शेवटी मामा म्हणाले, "साहेब, डोक्यावरची रेघ समद्यांची सारकीच हाय. ती काडून बघा की." रेघ काढून टाकली, 'ग' आला. स्टाफरूममध्ये ही आयडिया मी माझी म्हणून सांगितली.

एकदा प्रिन्सिपॉलनी विचारलं, यातला 'ग' नेमका कुठं ठेवलाय? मामांनी सांगितलं, सगळ्या तारांत थोडा थोडा. प्रिन्सिपॉलनी तरीही वाकून टेबलाखाली बघितलं!

दिवाळीच्या सुट्टीत उंदरांनी नऊ तारा कुरतडल्या. तरी तिन्ही अक्षरं बरोबर आली. मागाहून मामांनी गुपचूप तारा जोडल्या. नऊ तारा तुटल्या तरी बोर्ड चुकत नाही, हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

मग इन्स्पेक्शन आलं. प्रिन्सिपॉलना खूश करायला मी त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर बोर्डात चौथं म्हणून घातलं. "तीनच झेपत्यात ह्याला," मामा म्हणाले होते. पाहुण्यांसमोर बोर्डावर असं अक्षर उजळलं, जे कुठल्याच लिपीत नसेल. सगळे हसले. मी म्हणालो, "सोल्डरिंग कच्चं राहिलंय."

मामांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. त्याच आठवड्यात त्यांची पर्मनंटची ऑर्डर निघायची होती. ती निघाली नाही. महिनाअखेर ते गावी गेले. प्रिन्सिपॉलच्या केबिनपर्यंत मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा दारातून परत फिरलो. त्याची लाज आजही जात नाही.

तीनेक वर्षांनी साताऱ्याच्या एसटी स्टँडवर मामा दिसले. मी पेपर डोळ्यांपर्यंत वर घेतला. थोड्या वेळानं ते चहाचे दोन ग्लास घेऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"अर्धं तोंड दिसलं तरी पुरं आठवतंय, साहेब," ते म्हणाले. "आपला बोर्ड तसाच हुता की."