शिमग्याच्या तीन दिवसांचा तक्ता

ड्यूटीच्या तक्त्यात मी दोन बायकांची नावे लिहिली आणि प्रत्यक्षात एकीलाच ठेवले. चूक माझीच, आणि समजून-उमजून केलेली.

व्हिसा संपलेल्या परदेशी लोकांना मायदेशी पाठवेपर्यंत जिथे ठेवतात, अशा एका केंद्रात मी पहारेकऱ्यांचा सुपरवायझर होतो. माणसे मीच भरली, तीही आपल्या भागातली. बहुतेक कापडे, कुडपण या गावांची. शिमगा आला आणि सगळ्यांनी एकदम रजा मागितली. पालखी दारात येणार म्हटल्यावर अडवणार कोणाला? मी स्वतःच बॅग भरून बसलो होतो.

बायकांच्या खोलीच्या पहाऱ्यावर उरली महाडची एक मुसलमान बाई.

"तुला कुठं पालखी हाय?" मी म्हणालो.

"पालखी नाय, पण हात दोनच हायत ना, दादा! बायकांच्या खोलीचं कुलूप एकटीनं उघडायचं नाय, हे तुम्हीच शिकवलंत."

"तीनच दिवस गो. काय होतंय?"

"मग जाताना तुमचा नियम पण घेऊन जा गावाला," ती हसत म्हणाली.

माझ्या गावी, कापड्याला पोचल्यापासून मी सारखा फोन बघत होतो. पालखी खांद्यावर घेतली, तेवढा वेळ मात्र तो खिशात राहिला. बाहेर काढला तर तिचे सात मिस्ड कॉल. लावला, उचलेना. मिळेल त्या गाडीने निघालो.

केंद्रावर पोचल्यावर कळले, कोंडलेल्यांपैकी एका बाईला दम्याचा झटका आला होता. गजांपलीकडे ती निळी पडत चालली, तेव्हा हिने एकटीने कुलूप उघडले, तिला उचलून गेटपर्यंत आणले. ती बाई वाचली.

चौकशीत साहेबांनी तक्ता पुढे ठेवून विचारले, "दुसरी कुठे होती?"

"जेवायला गेली असेल," मी म्हणालो.

दुसरीची वाट न बघता एकटीने कुलूप उघडले म्हणून हिची नोकरी गेली.

पुढे कोणी साधी हाक मारली तरी मी दचकायचो. दोन महिने असे काढले. मग एका सकाळी साहेबांना खरे काय ते लिहून दिले आणि तसाच महाडला तिच्या घरी गेलो. तिने पाणी दिले. बसा म्हणाली नाही.

"चौकशीत तुम्ही माझ्याकडं बघितलं पण नाय, दादा."

"बघितलं असतं तर खोटं बोलता आलं नसतं," मी म्हणालो. "दुसरी कोणी नव्हतीच. तुला एकटीला ठेवून मी गेलो, आणि दोष तुझ्यावर जाऊ दिला. मला माफ कर."